पणजीहून ग्रँड आयलंड: शिडावर एका दिवसात जाऊन येणं जमेल का?

डिचोलीकर_शीड

नमस्कार मंडळी. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी २२ फुटी फायबरची यॉट घेतलीय. मेनसेल म्हणजे मोठं शीड, एक जिब म्हणजे पुढचं छोटं शीड, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन, तळाची कील धरून पाण्यात साधारण दीड मीटर जाते. बोट मांडवीत असते. आतापर्यंत नदीत आणि फार तर मिरामारच्या समोरपर्यंत फिरवलीय, अग्वादच्या बाहेर शीड लावून कधी गेलो नाही. आता पाऊस संपलाय, दर्या निवळलाय, त्यामुळे डोक्यात सारखं तेच येतंय की एकदा ग्रँड आयलंडला जाऊन नांगर टाकायचा, दुपारचं जेवण बोटीवरच करायचं आणि अंधाराआधी घरी.

मोजलं तर पणजीच्या पुलापासून अग्वादचं टोक चारेक सागरी मैल, तिथून बेट जवळजवळ सरळ दक्षिणेला आठेक मैल. चार नॉटने, म्हणजे तासाला चार सागरी मैल, गेलो तर तीन तास. कागदावर सोपं दिसतं, म्हणूनच विचारतोय. मांडवीच्या तोंडावरचा रेतीचा दांडा कधी ओलांडावा, मुरगावच्या बंदरासमोरून जाताना काय सांभाळावं, बेटाच्या कुठल्या बाजूला नांगर टाकावा? इंजिनवर जाऊन येणारे खूप भेटतात पण शिडावर गेलेला माणूस आमच्या ओळखीत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा प्लीज, आमच्यातल्या एकाची मुलगी पण येणार आहे, बारा वर्षांची, त्यामुळे उगाच धाडस नकोय.

सड्याचो_तांडेल

छान बेत आहे, जरूर करा. माझं सगळं आयुष्य बार्जवर गेलंय, मांडवीतून खनिज भरून मुरगावला, तेव्हा शिडाचं मला विचारू नका पण त्या पाण्याचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. आपली जुनी माणसं तिथीवरून हिशेब करायची, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. आपल्याकडे मुरगावला त्याच्यापेक्षा थोडी आधीच येते, म्हणून नक्की वेळ टाइड टेबलमध्येच बघायची, पण दिवस निवडायला हा हिशेब उत्तम. तुमच्यासाठी अष्टमीच्या आजूबाजूचा दिवस घ्या. पहाटे भरती झालेली असते, तुम्ही उजाडताना निघालात की ओहोटीचं पाणी तुम्हाला नदीतून बाहेर काढतं, दांड्यावर अजून भरपूर पाणी असतं. अकरा-बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि दुपारी तुम्ही परत येता तेव्हा भरती चढत असते, ती तुम्हाला आत घेते. शिवाय तो भांगाचा दिवस, पाण्याला ओढ कमी. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, सगळं उलटं पडतं. दुपारी ओहोटी जोरात बाहेर पडत असते आणि वायव्येचा वारा तिच्या तोंडावर येतो, अग्वाद आणि काबोच्या (राजभवनाच्या टोकाच्या) मध्ये पाणी असं उभं राहतं की २२ फुटी बोटीला नको ते.

दांड्याला हलकं घेऊ नका. पावसात हे तोंड बंदच होतं, आमच्या बार्जेस तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत जायच्या. २०१७ च्या जुलैत कॅसिनोचं अख्खं जहाज आत येताना मिरामारला रेतीत बसलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. आता सीझनमध्ये तेवढी भीती नाही, पण खुणेच्या बोयांच्या मधूनच जा, कोपरा कापून मिरामारच्या बाजूने जवळचा रस्ता घ्यायला जाऊ नका, आणि पावसानंतर रेती सरकलेली असते म्हणून मागच्या वर्षीच्या जीपीएसच्या रेघेवर विसंबू नका.

बार्जेस आता पूर्वीसारख्या नाहीत, २०१२ नंतर खाणी बंद पडल्या आणि तो सगळा धंदाच आटला, तरी ज्या आहेत त्या आहेत. भरलेली बार्ज वळायला आणि थांबायला खूप वेळ घेते. शिडाच्या बोटीला रस्ता द्यायचा असतो हा नियम चॅनलमध्ये लागू होत नाही, तिथे तुम्हीच कडेला राहायचं. मुरगावसमोर नांगरलेली जहाजं असतील त्यांच्या पुढून जाऊ नका, मागून जा, म्हणजे पाणी ओढत असलं तरी तुम्ही त्यांच्या साखळीवर जाणार नाही. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर चालू ठेवा, बंदराचं बोलणं कानावर पडत राहिलं की कोण आत येतंय कोण बाहेर जातंय ते कळतं.

जाळ्यांचे बोये बघत जा. सकाळी सूर्य डावीकडून डोळ्यात येतो, थर्माकोलचे तुकडे आणि रिकामे कॅन दिसत नाहीत. एक माणूस पुढे बसवा, बारा वर्षांची मुलगी आहे ना, तिचे डोळे सगळ्यात तीक्ष्ण असणार, तिलाच हे काम द्या.

शीडवाली_ताळगाव

तांडेलबाबनी पाण्याचं सगळं सांगितलं, मी वाऱ्याचं सांगते. मी मुलांना डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, शिकवते आणि मोठ्या बोटींवर क्रू म्हणून जाते, हा पॅसेज माझ्या फार आवडीचा आहे त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ग्रँड आयलंडचा पूर्ण दिवस त्या दोन वाऱ्यांवरच चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीवरून मतलई येतो, पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, हलका पण स्वच्छ, आणि पाणी सपाट असतं कारण वारा किनाऱ्यावरूनच येतोय. तुम्हाला जायचंय दक्षिणेला, म्हणजे वारा बरोबर आडवा, बोटीला सगळ्यात आवडणारी दिशा. मग दहा-साडेदहाला तो मरतो. तास-दीड तास काहीच नसतं, शिडं लोंबकळतात. बारा-एकच्या दरम्यान समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, आधी पश्चिमेकडून, मग वायव्येला सरकतो, आणि तीन ते पाच सगळ्यात जोरात, १०-१५ नॉट, मार्च-एप्रिलमध्ये त्याच्याही वर. संध्याकाळी परत पडतो.

म्हणून उजाडायला, सव्वासहा-साडेसहाला, धक्का सोडा. चारेक मैल नदी ओहोटीबरोबर तासाभरात संपते आणि साडेसातला तुम्ही अग्वादच्या बाहेर मतलईत असता. आठ वाजता उठून चहा-नाश्ता करून निघणारे लोक बरोबर त्या वारा नसलेल्या तासात मुरगावसमोर अडकतात, ऊन डोक्यावर, लाटेवर बोट डुलतेय, आणि मग सगळ्यांना उलट्या. बारा वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी तो अनुभव दिला तर ती परत येणार नाही.

पण माझ्या मते जाण्यापेक्षा येण्याचा विचार आधी करायला हवा. परत यायचंय उत्तरेला आणि वारा वायव्येचा. म्हणजे वारा नाकाच्या डावीकडे साधारण ४५ अंशांवर, शिडं पूर्ण आत ओढून क्लोज हॉल्ड. तुमची बोट तेवढं वर चढू शकली तर टॅक न मारता, म्हणजे वाऱ्यातून वळून शिडाची बाजू न बदलता, एकाच अंगावर अग्वाद गाठता येतं, आणि हा या पॅसेजचा मोठा गुण आहे. धोका तिथेच आहे. बोट पुढे जाताना थोडी थोडी उजवीकडे घसरत असते, आणि उजव्या हाताला काय आहे तर आधी मुरगावचं टोक, मग झुआरीचं मोकळं तोंड, मग काबोचे खडक. वारा तुम्हाला त्याच बाजूला ढकलतोय. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नॅफ्था भरलेलं माणसं नसलेलं टँकर जहाज वाहत येऊन राजभवनाच्या खाली खडकांवर बसलं होतं, आठवत असेल. वारा आणि लाट वस्तू कुठे नेऊन टाकतात ते त्याने दाखवलं. तेव्हा बेटावरून निघाल्या निघाल्या, वारा अजून पश्चिमेला असतानाच, बाहेरच्या बाजूला, वारा येतो तिकडे, उंची कमवून ठेवा. अग्वादच्या टोकावर नेम धरू नका, टोकाच्या मैलभर पश्चिमेला धरा. वारा नंतर वायव्येला सरकला तरी हातात शिल्लक राहते. शेवटी अग्वादच्या बाहेर पोचलात की उजवीकडे वळायचं, वारा पाठीशी, खालून भरती, आणि तो शेवटचा तास इतका सुंदर असतो की सगळी मेहनत वसूल.

नांगर उचलायची वेळ आधीच ठरवा आणि त्याच्यावर वाद घालू नका. एक वाजता तयारी, दोनच्या आत निघालेलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाला सूर्य मावळतो आणि दांडा अंधारात ओलांडायचा नाही. आणखी एक, बेटाच्या आडोशाला तुम्हाला वारा कळतच नाही, पाणी शांत, सगळे जेवून सुस्त, आणि बाहेर लाटांचे पांढरे घोडे धावत असतात. टोकाच्या बाहेर आलात की सगळा वारा एकदम अंगावर. म्हणून मेनसेलला रीफ, म्हणजे शीड थोडं बांधून लहान करणं, नांगरावर असतानाच घ्या, मोकळ्यावर नाही. लागला नाही तर सोडायला दोन मिनिटं लागतात.

निघायच्या आधी दोन दिवस इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळ होऊ शकतं, ते आपल्यापासून कितीही लांब असलं तरी लाट पोचते. थंडीत अजून एक प्रकार, इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली लाट वायव्येकडून गोव्यापर्यंत येते, दोनापावलच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांनी त्याचा अभ्यास केलाय. इथे आभाळ निळंशार, वारा मामुली, आणि लाट मात्र दीड-दोन मीटर. अंदाजात लाटेची उंची आणि दिशा दोन्ही वाचा, नुसता वारा बघून निघू नका.

जाता जाता एक मनातलं सांगते. म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या दोन्ही बोटी आपल्या दिवाडीला बांधल्या. २०१७-१८ मध्ये सहा जणी आणि २०२४-२५ मध्ये दोघीच जणी तारिणीवर पृथ्वीची फेरी मारून आल्या, आणि सुरुवात याच मांडवीच्या तोंडातून. त्या मुलीला बाहेर पडताना हे सांगा.

पाण्याखाली_बायणा

नांगराबद्दल मी लिहितो कारण मी तिथे स्कूबा करतो आणि खालून बघतो की नांगर काय करतात. प्लीज प्लीज खडकावर नांगर टाकू नका. ग्रँड आयलंडच्या भोवती प्रवाळ आहे, लक्षद्वीपसारखं रंगीत नाही, गढूळ पाण्यात तग धरून राहिलेलं, म्हणून तर जास्त जपायला हवं. एक नांगर ओढला गेला की वर्षानुवर्षं वाढलेला गोळा उलटा होतो. बेटाच्या अगदी जवळ सगळे खडक, थोडं बाहेर सरकलात की रेती आणि चिखल लागतो, नांगर पण तिथेच नीट धरतो. खडकात अडकलेला नांगर धरलाय असं वाटतं आणि बोट फिरली की सुटतो, किंवा सुटतच नाही आणि दोर कापून यावं लागतं.

बाजू म्हणाल तर दुपारच्या वायव्य वाऱ्याला आडोसा आग्नेयेच्या बाजूला मिळतो. नैऋत्येची लांब लाट मात्र वळून तिथेही थोडी येते, बोट डुलणार, ते गृहीत धरा. स्नॉर्कलिंगच्या टुरिस्ट बोटी दहा ते एक भरपूर असतात, त्यांच्या गर्दीत शिरू नका. त्या बोटी एकाच जागी चिकटून उभ्या असतात, दोर आखूड ठेवून, तुमचा दोर लांब असणार आणि तुम्ही वेगळ्या तालात फिरणार. शिवाय पाण्यात पोहणारे लोक आणि तुमच्या इंजिनचा पंखा. लांब राहा, शांतता पण मिळेल. जुन्या बुडालेल्या जहाजाची जागा डायव्हिंगवाले वापरतात, तिथे तर नांगर टाकायचाच नाही, खाली माणसं असतात.

सुझीज रेक हे बुडालेलं जहाज दाखवतो म्हणून कोणी तुम्हाला बोलावलं तर वेगळ्या दिवशी त्यांच्याच बोटीने या, दोन्ही गोष्टी एका दिवसात करू नका. आणि कचरा परत आणा. बार्बेक्यूच्या प्लेटा आणि बाटल्या आम्ही खालून काढतो, कंटाळा नाही पण राग येतो.

डिचोलीकर_शीड

तांडेलबाब, ताई, बायणाकर, तिघांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अष्टमीच्या जवळचा रविवार शोधतो आता. दोन प्रश्न अजून. एक, परतीचा वारा अंगावर घेण्याऐवजी रात्री तिथेच नांगरावर राहून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मतलईत परत आलो तर जास्त सोपं नाही का? दोन, पुढे कधीतरी अंजदीवला असंच जाता येईल का?

सड्याचो_तांडेल

अंजदीवचा विचार सोडा. बेट गोव्याचं असलं तरी कारवारच्या नौदलाच्या तळात आहे, जवळ सुद्धा जाऊ देत नाहीत. लांबचा पल्ला हवा असेल तर काब द राम ओलांडून पाळोळे आहे, ग्रँडपासून पंचवीसेक मैल, खाली जाताना दुपारचा वारा पाठीवर असतो. पण ते पुढच्या सीझनला.

रात्री राहण्याबद्दल. वाऱ्याचा तुमचा हिशेब बरोबर आहे, पण नांगराचा बघा. दुपारी तुम्ही आग्नेयेला आडोशाला नांगर टाकला, वारा बेटाकडून येतोय, बोट बेटापासून लांब, उघड्या पाण्याकडे ताणून उभी आहे. सगळं छान. रात्री नऊ-दहानंतर वारा पडतो आणि मग जमिनीवरून मतलई सुरू होतो. आता बोट पूर्ण उलटी फिरते आणि तिचा मागचा भाग थेट बेटाच्या खडकांकडे. संध्याकाळी जी जागा आडोशाची होती ती पहाटे खडकांवर ढकलणारी झाली. वारा हलका असतो, पण दोर जेवढा सोडलाय तेवढ्या अंतरावर खडक असेल तर पुरे झालं. म्हणजे रात्रीसाठी नांगर बराच बाहेर टाकायचा, अख्खं वर्तुळ मोकळं हवं, फक्त अर्धं नाही. त्यात फिरताना नांगर उपटला जाऊन परत धरायला हवा, आणि तो धरला की नाही ते बघायला कोणीतरी जागं हवं.

शिवाय कागदपत्रं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर रात्रीची तपासणी कडक आहे, मरीन पोलीस येऊन विचारतात. राहायचंच असेल तर आधी बंदर कप्तान खात्यात जाऊन विचारा, बोटीची नोंदणी आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, डोलकाठीवर नांगराचा पांढरा दिवा रात्रभर. पहिल्या खेपेला मुलीला घेऊन हे करू नका असं माझं स्पष्ट मत.

शीडवाली_ताळगाव

तांडेलबाबशी सहमत. आधी दिवसाची खेप करा, बोट वाऱ्यावर किती चढते ते कळू दे. ती वाऱ्याच्या ५० अंशांपेक्षा जवळ जात नसेल तर परतताना एक-दोन टॅक लागतील, त्याला जास्तीचा तास धरून एकलाच निघा. आउटबोर्डचं पेट्रोल पूर्ण परतीचं ठेवा, वारा पडला किंवा उशीर झाला तर लाजायचं नाही, इंजिन लावून यायचं.

पाण्याखाली_बायणा

दोर किती सोडायचा ते राहिलं. तुम्ही दहाच्या सुमारास पोचणार म्हणजे सुकती जवळ आलेली, समजा खाली ६ मीटर पाणी. भरती चढून अजून एक मीटर, बोटीच्या नाकाची पाण्यापासून उंची एक मीटर, झाले ८. त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर, त्यातली निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी. नुसत्या दोरावर राहू नका, खडकावर घासून तुटतो. टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये हळू ओढून बघा, मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एक झाड आणि मागचा खडक वगैरे. दहा मिनिटांनी त्या खुणा सरकल्या असतील तर नांगर ओढला जातोय, परत टाका.

डिचोलीकर_शीड

आमच्याकडे साखळी तीनच मीटर आहे, उद्याच वास्कोला जाऊन घेतो. ताई, मुलीला डिंगी शिकवाल का डिसेंबरमध्ये? आणि किनाऱ्यावर कोणाला काय सांगून जायचं?

शीडवाली_ताळगाव

शिकवते, आणा तिला. किनाऱ्यावर एका माणसाकडे लिहून द्या: बोटीचा रंग, किती जण, निघायची वेळ, अग्वादच्या आत परत यायची वेळ. साडेपाचला तुमचा फोन आला नाही तर त्याने आधी तुम्हाला लावायचा, आणि सहापर्यंत लागला नाही तर कोस्ट गार्डला १५५४. हा नंबर बोटीवर पण मोठ्या अक्षरात चिकटवा. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घाला, मुलीचं तिच्या मापाचं.